‘क्रमाने येईल’ म्हणत राहिलो

बाळाराम,

उत्तरकार्याच्या दिवशी तुझ्या भावांनी मला दोन शब्द बोलायला लावलं. टेमघरच्या तुमच्या अंगणात मांडव होता, माणसं दाटून बसली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की बाळाराम कष्टाळू होता, हसतमुख होता, आमच्या योगवर्गाचा आधार होता. लोकांनी माना डोलावल्या. खाली बसलो आणि वाटलं, हे तू ऐकलं असतंस तर शेजारच्याला कोपर मारून विचारलं असतंस, "हा कोन मानूस म्हनायचा?"

तुझ्याबद्दल जे बोलायचं होतं ते त्या मांडवात बोलता येण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशीच बोलायचं होतं आणि त्याला आता उशीर झालाय. तरी लिहितो. दुसरं काही सुचत नाही. शाळेतून घरी येतो, चहा घेतो, वह्या तपासायला बसतो, आणि तास-तास एकच वही उघडी राहते.

तू पहिल्यांदा वर्गाला आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पहाटे साडेपाचला आमचा वर्ग भरायचा. पंधरा-सोळा माणसं, त्यात बँकेतले दोघे, काही दुकानदार, निवृत्त तलाठी पाध्येकाका. मी दिवसा त्याच शाळेत गणित शिकवायचो आणि पहाटे तिथेच आसनं घ्यायचो. मागच्या गल्लीत कापड विणणाऱ्या लूमची खडखड खिडकीतून अखंड यायची, त्यामुळे मला अंक मोजताना आवाज चढवावा लागायचा. दारात एक म्हातारा उभा दिसला. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानावरचे केससुद्धा पांढरे. मी म्हणालो, "या आजोबा." तू दोन्ही हातांनी तोंड पुसलंस आणि बघता बघता माझ्याच वयाचा झालास. ती सगळी रुई होती. तू शिफ्ट संपवून तसाच आला होतास.

"डाक्टर बोलला योगा करा," तू म्हणालास. "छाती भरते. मना श्वासाचं काय ते शिकवा, बाकीचं नको."

मी हसलो. म्हणालो, "श्वासाचं क्रमाने येईल. आधी आसनं."

त्या वाक्याने पुढे आपल्या दोघांचं काय करून ठेवलं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवशी आपलं पहिलं भांडणही झालं. सगळे उभ्या आसनांना लागले आणि तू सतरंजीवर सरळ आडवा झालास. मी म्हणालो, "शवासन शेवटी असतं." तू डोळे न उघडता म्हणालास, "मास्तर, मी मरूनच आलोय. माझी सुरुवात इथूनच हाय." सगळा हॉल हसला. मी हसलो नाही. मी तुला उठवलं. आधी उभी आसनं, मग बैठी, मग पोटावरची, मग पाठीवरची आणि मग शवासन, असा क्रम आहे, आणि तो माझा नाही, माझ्या गुरुजींचा आहे, असं तुला सगळ्यांसमोर सुनावलं. तू उठलास. ताडासनात हात वर केलेस तेव्हा तुझ्या बाहीतून थोडी रुई खाली पडली.

माझे गुरुजी म्हणजे ब्राह्मण आळीतले जोगळेकर. त्यांच्याबद्दल मी वर्गात इतकं बोलायचो, की त्यांना कधी न पाहिलेला तूसुद्धा त्यांची नक्कल करायचास. बारीक आवाज काढून म्हणायचास, "आसन स्थिर झाल्याशिवाय श्वासाला हात लावायचा नाही. श्वास हातात आल्याशिवाय तो रोखायचा नाही." मी रागवायचो, पण नक्कल चांगली होती. त्यांच्या घराच्या ओटीवर मी सहा वर्षं शिकलो. सहा वर्षांत त्यांनी मला एकही पायरी गाळू दिली नाही. एकदा ताप येऊन महिनाभर खंड पडला, तर त्यांनी मला पुन्हा पहिल्या आसनापासून सुरू करायला लावलं होतं.

आणि क्रमात तथ्य होतं, बाळाराम. ते तूही मान्य केलंस. एकदा मी यायला पाच मिनिटं उशीर केला तेवढ्यात तू अंग मोकळं न करता, सगळ्यांना दाखवायला म्हणून, एकदम सर्वांगासन केलंस. चार दिवस मान वळत नव्हती. लूमवर धागा तुटला की वळून बघायला तुला सगळं अंग फिरवावं लागायचं. पाचव्या दिवशी येऊन म्हणालास, "तुमचा म्हातारा बरोबर बोलतो." त्यानंतर क्रमाबद्दल तू बरेच दिवस काही बोलला नाहीस.

तुझी छाती शनिवारी भरायची. हे मला कळायला वर्ष गेलं. शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी खिडकीबाहेर इतकं शांत असायचं, की मी सवयीने ओरडून मोजायचो आणि पाध्येकाका म्हणायचे, "अहो हळू, आम्ही इथंच आहोत." शुक्रवारी तू सगळ्यांत ताजा. शनिवारी लूम पुन्हा सुरू व्हायचे, आणि संध्याकाळी मला बाजारात भेटायचास तेव्हा छातीवर हात ठेवून बोलायचास, जणू कुणी आतून पट्टा आवळलाय. गुरुवारपर्यंत पुन्हा थोडं सैल व्हायचं. मी ते ऐकायचो आणि म्हणायचो, "नियमित या."

बाकी लूममालक गादीवर बसून हिशेब बघतात. तुला ते जमायचं नाही. वडिलांनी शेताच्या तुकड्यावर शेड बांधली, त्यात बारा लूम टाकले, आणि तू कामगारांच्या बरोबरीने स्वतः लूमवर उभा राहायचास. मी एकदा तुझ्या शेडमध्ये आलो होतो. बोललेलं ऐकू येत नव्हतं. पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात रुई तरंगत होती. तू माझ्या कानाशी तोंड आणून ओरडलास, "कसं वाटतं?" मी म्हणालो, "छान." मला खोकला आला होता आणि मी तो दाबला. वर्गासाठी जाड कापडाचे तागे तू मला दिलेस. त्याच्या पट्ट्या करून आम्ही सतरंज्यांवर अंथरल्या. अजूनही आम्ही त्यावरच बसतो.

मी तुला अट घातली होती, की अर्धा तास न हलता बसून दाखव, मग श्वासाचं देतो. तुझे गुडघे म्हणजे लाकूड. मांडी घातलीस की ते जमिनीपासून वीतभर वर. दीड वर्ष लागलं. तू घरी बसायचास, शेडमध्ये कापडाच्या ढिगावर बसायचास. यमुनावहिनी सांगायच्या, की नवऱ्याला जेवायला बोलावलं तर हुं की चूं नाही. मग एका सकाळी तू हॉलमध्ये अर्धा तास बसलास. तुझ्या नाकावर माशी बसली, उडाली, परत बसली. तू हलला नाहीस. पाध्येकाका घड्याळ धरून होते. वेळ झाली तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "आता द्या."

मी दिलं. एका नाकपुडीने घ्यायचा, दुसरीने सोडायचा, रोखायचा नाही. नाडीशोधन. तुझी जाड बोटं नाकावर ठेवताना तू लहान मुलासारखा गंभीर व्हायचास. दोन-तीन महिन्यांनी सांगितलंस, की शनिवारचा पट्टा एक भोक सैल झालाय. तुझा चेहरा इतका उजळला होता, की मी दिवसभर त्याच आनंदात गणितं शिकवली.

मग तू विचारलंस, "पुढचं?"

मी म्हणालो, "क्रमाने येईल."

सहा महिन्यांनी पुन्हा विचारलंस. वर्षाने पुन्हा. मी दर वेळी तेच म्हणालो. तू मागायचास तो कुंभक, श्वास रोखायचा. तुझ्या डोक्यात बसलं होतं, की हवा आत धरता आली की छाती आतून उघडेल. मी म्हणायचो, घाई करू नकोस. अजून तयारी नाही. अजून सोडतोस तो श्वास तुटतो. काही ना काही खोट मी काढायचोच.

अकलोलीला गेलो होतो ते आठवतं? वर्गातले आपण सात-आठ जण टेम्पोतून गेलो. गरम पाण्याच्या कुंडात तू गळ्यापर्यंत उतरलास. वाफेत तुझा चेहरा लाल झाला होता. तू दीर्घ श्वास घेतलास, खरंच दीर्घ, आणि म्हणालास, "मास्तर, आत गेला. पार तळाला गेला. आता इथंच शिकवा. आता छाती उघडी हाय."

मी काठावर पाय सोडून बसलो होतो. म्हणालो, "पाण्यात नाही शिकवत."

"मग कवा?"

"वेळ आली की."

"माझी वेळ तुमी ठरवनार?"

"मी नाही. क्रम ठरवतो."

तू पाण्यातून उठलास. तुझा आवाज कुंडाच्या दगडांवर आपटत होता. "तुमचा क्रम म्हंजे रेशनची लाईन हाय, मास्तर. नंबर येतो तवर आतली साखर संपते. ज्याची छाती धड हाय त्यानं उभं रावं लाईनीत. मी कुठवर उभा राहू?"

मी म्हणालो, "नसेल पटत तर येऊ नकोस."

हे मी म्हणालो, बाळाराम. गरम पाण्यात उभ्या असलेल्या, दम लागलेल्या माणसाला मी असं म्हणालो. टेम्पोत परत येताना तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसलास. दुसऱ्या दिवसापासून आला नाहीस.

आता जे लिहितो ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

मला पुढचं येत नव्हतं. जोगळेकर गुरुजींनी मला सहा वर्षांत आसनं दिली आणि न रोखता करायचं नाडीशोधन दिलं. कुंभक सुरू करणार तेवढ्यात त्यांना मुलाने इंदूरला नेलं. जाताना म्हणाले, "एवढं पक्कं करा. पुढचं मी आल्यावर." ते आले नाहीत. तू पहिल्यांदा ‘पुढचं?’ विचारलंस, त्याच आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं, की एक विद्यार्थी तयार झालाय, त्याला आणि मला पुढे कसं न्यायचं ते कळवा, मी सुट्टीत तिकडे येतो. पंधरा दिवसांनी मुलाचं पोस्टकार्ड आलं. गुरुजी जाऊन चार महिने झाले होते.

ते कार्ड मी बीजगणिताच्या पुस्तकात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन तुझ्याकडे बघत म्हणालो, "क्रमाने येईल."

सांगता आलं असतं. ‘बाळाराम, मला इथवरच येतं. तू दुसरीकडे शीक, चांगला माणूस मी शोधून देतो.’ एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण हॉलमध्ये पंधरा माणसं मला गुरुजी म्हणत होती. मी त्यांना रोज क्रमाचं महत्त्व सांगत होतो, आणि ते खोटं नव्हतं, अजूनही मला ते खोटं वाटत नाही. म्हणून तर लपायला बरं पडलं. खोट्या गोष्टीमागे इतकी वर्षं लपता आलं नसतं.

तू वर्ग सोडल्यावर कुणीतरी बातमी आणली, की लग्नाच्या हॉलमध्ये सात दिवसांचं शिबिर भरलंय आणि तू तिथे जातोस. सात दिवसांत सगळं. भस्त्रिका, कुंभक, बंध, सगळं. तू मला नाक्यावर भेटलास, मुद्दाम थांबलास, आणि श्वास रोखून दाखवलास. मी मनात आकडे मोजत होतो. तुझा चेहरा फुगला, डोळे पाणावले, मग सोडलास. "बघा," म्हणालास, "लाईन न लावता." मी म्हणालो, "छान." मला तुझा राग आला होता आणि हेवाही वाटला होता. मला जे येत नव्हतं ते तू करून दाखवत होतास.

दोन महिन्यांनी तू लूमवर उभा असताना कोसळलास.

ही बातमी वर्गात आली तेव्हा बँकेतला एक जण म्हणाला, "गुरुजी सांगत होते. क्रम सोडला की असं होतं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं आसन सांगितलं, आणि आत कुठेतरी मला बरं वाटलं. बाळाराम, तू दवाखान्यात पडला होतास आणि मला बरं वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. मला वाटलं, ते शिबिराला शिव्या देतील. मीच विचारलं, "श्वास चुकीचा रोखल्याने झालं का?" ते म्हणाले, "कसला श्वास? ही फुफ्फुसं रुईनं आतून गेलीत. हे दहा वर्षांचं काम आहे. त्या व्यायामानं बिघडलं असं मी म्हणणार नाही, आणि सुधारलं असतं असंही नाही."

"मग काय करायला हवं होतं?"

"लूमपासून लांब. सगळ्यांत आधी तेच."

सगळ्यांत आधी. मी तिथे कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो. इतकी वर्षं मी तुला क्रम शिकवत होतो. उभं आधी की बैठं आधी, आसन आधी की श्वास आधी. पण हवा स्वच्छ हवी, हे त्या सगळ्याच्याही आधीचं होतं आणि ते मी तुला एकदाही सांगितलं नाही. तुझ्या शेडमध्ये खोकला दाबून ‘छान’ म्हणालो होतो. गुरुजींच्या ओटीवर रुई नव्हती, म्हणून त्यांच्या क्रमात तिचं नाव नव्हतं. आणि मी गुरुजींनी सांगितलं तेवढंच मोजणारा माणूस.

मी सांगितलं असतं तर तू लूम सोडले असतेस का? बहुतेक नाही. तू म्हणाला असतास, "मग खाऊ काय, वारा?" वडप्याच्या रस्त्याला तुमचा जमिनीचा तुकडा होता, तिथे गोडाऊनं उभी राहायला लागली होती, तसं काही करता आलं असतं कदाचित. मला ठाऊक नाही. मी विचारलंच नाही, त्यामुळे तू काय म्हणाला असतास हे मला कधीच कळणार नाही. डॉक्टर म्हणतात तसं आधीच उशीर झालेला असेल, तर माझ्या सांगण्या न सांगण्याने काहीच फरक पडला नसता. कधी कधी हाच विचार करून झोपायचा प्रयत्न करतो. पण त्यानेही बरं वाटत नाही. काहीच करून उपयोग नव्हता, हे कळल्यावर तरी माणसाने कसं झोपायचं?

दवाखान्यातून घरी आल्यावर तू वर्गाला परत आलास. जिने चढून वर येताना मध्ये तीनदा थांबलास. मला वाटलं, अकलोलीचा विषय निघेल. तू सतरंजीवर बसलास, दम खाल्लास आणि म्हणालास, "परत पयल्यापासून घ्या, मास्तर." मी खुर्ची आणली. तुला खुर्चीवर बसवून हात वर करायला शिकवले. एक हात वर, श्वास, खाली, श्वास. बाकीचे सूर्यनमस्कार घालत असायचे आणि तू खिडकीजवळ खुर्चीत हात वर-खाली करत असायचास. महिन्यातून एकदा तरी विचारायचास, "पुढचं?" आता तुझ्या विचारण्यात राग नसायचा. मी तरीही तेच उत्तर द्यायचो. अशा अवस्थेतल्या माणसालाही, बाळाराम. सवय किती घट्ट असते बघ.

मग जिने चढणं बंद झालं. मी टेमघरला यायला लागलो, शाळा सुटली की. तुझ्या पलंगाशेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर उभा असायचा. खिडकी लावून घेतलेली, कारण अंगणापलीकडच्या शेडमधले लूम तुझा मुलगा चालवत होता. यमुनावहिनी चहा ठेवायच्या. आपण फारसं बोलायचो नाही. मी शाळेतल्या गमती सांगायचो, तू बोटांनी पुढे बोल अशी खूण करायचास.

तू जायच्या दोन दिवस आधी मी मनाशी ठरवून आलो होतो. तू नेहमीसारखं विचारलंस, नळी बाजूला सरकवून, एकेक शब्द सुटा करत, "आता तरी... पुढचं... सांगा."

मी म्हणालो, "बाळाराम, तुला एक सांगायचंय."

तू माझ्याकडे बघितलंस. मी तोंड उघडलं. गुरुजी, इंदूर, ते पोस्टकार्ड, सगळं जिभेवर होतं. आणि शब्द येईना. मी खिडकीकडे बघत राहिलो. तू हात उचललास, माझ्या मनगटावर ठेवलास आणि म्हणालास, "ऱ्हावू द्या. आज नुसते बसा."

मी बसलो. अंधार पडायच्या आधी निघालो. त्यानंतर एक दिवस मध्ये गेला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मी नववीच्या वर्गात फळ्यावर समीकरण सोडवत असताना शिपाई दारात येऊन उभा राहिला.

उत्तरकार्याच्या दिवशी, मांडवातली माणसं पांगल्यावर, यमुनावहिनी माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, निरोप द्यायला. त्या म्हणाल्या, "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. त्यांना म्हायती होतं."

"काय माहिती होतं?"

"तुमाला इथवरच येतं ते. मना कवाच बोललेले. बोलायचे, पुढचं इचारलं का मास्तर खिडकीकडं बघतात. त्यांना शिकवलेलंच न्हाय कुनी."

मी म्हणालो, "मग इतकी वर्षं विचारत का राहिला?"

त्या पदराने ताटं पुसत होत्या. थांबल्या. "तुमी कवा तरी सांगाल म्हनून," म्हणाल्या. "बोलायचे, सांगितलं का मास्तरचा जीव हलका व्हईल. आन आपून दोगं मिळून कुनाकडं तरी शिकू."

आपून दोगं मिळून. मी त्या अंगणात उभाच राहिलो. पलीकडे शेडमध्ये लूम सुरू होते. तेराव्याचा विधी उरकताच ते पुन्हा सुरू झाले होते. तुझा मुलगा बाहेर आला आणि माझ्या पाया पडला. त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी त्याचा हात धरला. म्हणालो, "तोंडाला फडकं बांधत जा. आणि जमलं तर हे सोड." तो म्हणाला, "हो सर," आणि आत गेला. मी एवढंच म्हणू शकलो. तू असतास तर तुलाही आता एवढंच म्हणू शकलो असतो.

तुझ्यावर रागवावं का, हेही मला कळत नाही. माहीत होतं तर स्पष्ट का नाही बोललास? अकलोलीला सगळ्यांसमोर मला उघडं पाडता आलं असतं. तू रेशनची लाईन म्हणालास, पण ‘तुम्हाला येत नाही’ असं म्हणाला नाहीस. दम लागलेला असताना, संतापलेला असतानासुद्धा तेवढं राखलंस. मी तुला शिकवलं असं लोक म्हणतात. ऐकताना माझी मान खाली जाते.

आज सकाळी वर्गात गेलो. तुझी खुर्ची कुणी हलवली नव्हती, ती खिडकीपाशीच होती. सगळे बसल्यावर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला एक सांगायचंय. मी तुम्हाला जे देतो त्याच्या पुढचं मला येत नाही. मी ते शिकलेलो नाही." मागच्या गल्लीत लूम चालू होते. पाध्येकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बरं. मग येतं तेवढं घ्या."

मी घेतलं. उभी आसनं, बैठी, पोटावरची, पाठीवरची. शेवटी सगळे शवासनात आडवे झाले. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "श्वास सोडा." सगळ्यांनी सोडला. पुढचा शब्द ‘घ्या’. रोजचा शब्द, हजारदा म्हटलेला. तो काही केल्या तोंडातून येईना. सगळे डोळे मिटून वाट बघत पडले होते, छाती रिकामी करून, आणि मी समोर उभा होतो. किती क्षण गेले, मोजले नाहीत.

मग पाध्येकाकांची छाती हळूच वर आली. मग त्यांच्या शेजारच्याची. मग एकेक करत सगळ्यांची. मी नुसता बघत उभा राहिलो.